मन मारणें आणि मन आवरणें

मराठी भाषेंत दोन वाक्प्रचार इतके शेजारीं शेजारीं नांदतात कीं, त्यांमधील अंतर सहसा कोणाच्या ध्यानांत येत नाहीं. एक ‘मन मारणें’ आणि दुसरा ‘मन आवरणें’. घरांतील वडील माणसें मुलांस ह्या दोहोंचा उपदेश एकाच सुरांत करितात, आणि ऐकणारीं मुलेंहि दोहोंचा अर्थ एकच समजतात. परंतु लगाम खेंचून थांबविलेला घोडा आणि पाय मोडून बसविलेला घोडा ह्यांत जें अंतर आहे, तेंच ह्या दोन मनांत आहे. दोघेहि उभे राहिलेले दिसतात खरे. पण पुढें धांवण्याची वेळ आली म्हणजे त्यांतील एकच धांवूं शकतो. आमच्या घरांनीं गेल्या दीडशें वर्षांत आपल्या तरुण मुलामुलींस ह्यांपैकीं कोणतें शिकविलें, ह्याचा थोडासा शोध घ्यावा, असा ह्या लेखाचा हेतु आहे.

राज्यें कशीं झालीं व कशीं बुडालीं ह्याचा इतिहास दफ्तरांतून मिळतो. मनें कशीं घडलीं व कशीं मोडलीं ह्याचा इतिहास मिळण्यास दफ्तर नाहीं. तो आत्मचरित्रांत, खासगी पत्रांत व बायकांच्या ओव्यांत विखुरलेला आहे, व तो तेथूनच वेंचावा लागतो.

ह्या विचारास निमित्त झालें तें बोरी अरब ह्या गांवाचें. यवतमाळ जिल्ह्याच्या दारव्हा तालुक्यांतील हें गांव. भोंवतालीं कापूस व तूर पिकविणारी काळी जमीन, आणि बहुतेकांची सारी भिस्त आकाशावर. ह्या गांवानें मराठी वाङ्मयास दिलेली देणगी म्हणजे वऱ्हाडी बोलीचे कवि व कथाकार शंकर बडे. २०१६ सालीं ते निवर्तले. ‘इरवा’, ‘सगुन’ व ‘मुगुट’ हे त्यांचे काव्यसंग्रह. आणि ‘बॅरिस्टर गुलब्या’ ह्या त्यांच्या एकपात्री प्रयोगानें तर गांवोगांवच्या श्रोत्यांस पोट धरून हंसविलें. पावसानें केलेल्या कहराचें वर्णनहि ते असें करीत कीं, श्रोता आधीं हंसे आणि मग अंतर्मुख होई. त्याच यवतमाळ जिल्ह्याचें नांव वर्तमानपत्रांत मात्र बहुधा दुःखाच्या बातमीखालीं येतें. एकाच मातींत हंसून दुःख पेलणारीं मनें आणि दुःखाखालीं चिरडून जाणारीं मनें शेजारीं शेजारीं वाढतात, हें कसें? तें मुळांतल्या स्वभावामुळें, घरामुळें, कीं मन हाताळण्याच्या शिकलेल्या रीतीमुळें?

हा प्रश्न एकट्या वऱ्हाडाचा नाहीं व आजचाहि नाहीं. म्हणून प्रथम थोडे मागें जाऊन, ज्यांनीं आपल्या किंवा आपल्या घराच्या मनाची हकीकत मागें ठेविली, अशा कांहीं जुन्या साक्षीदारांस विचारूं, आणि मग पुन्हा वऱ्हाडांत येऊं.

पहिले साक्षीदार धोंडो केशव कर्वे. त्यांचें ‘आत्मवृत्त’ १९१५ सालीं प्रसिद्ध झालें. रत्नागिरी जिल्ह्यांतील मुरूडच्या, एके काळीं संपन्न परंतु पुढें गरीब झालेल्या घराण्यांत १८५८ सालीं त्यांचा जन्म झाला. स्वभावानें हा मुलगा अत्यंत लाजाळू होता. चार माणसांत बोलणें म्हणजे त्यास संकट वाटे. अशा मुलास ‘असा काय घुम्यासारखा बसतोस’ म्हणून हिणविणारीं घरें त्या काळीं थोडीं नव्हतीं व आजहि थोडीं नाहींत. कर्व्यांच्या भाग्यानें त्यांना सोमण गुरुजी भेटले. मुरूडच्या देवळांत गांवकऱ्यांस वर्तमानपत्र वाचून दाखविण्याचें काम ह्या मुलाकडे आलें. ही गोष्ट दिसण्यांत किती क्षुल्लक! परंतु लाजाळू मुलास एकदम सभेपुढें ढकलण्याऐवजीं, हातांत छापील कागद देऊन, ओळखीच्या माणसांसमोर, दुसऱ्याचे शब्द वाचावयास लावणें, ह्याहून सौम्य असा उपचार एखाद्या मानसशास्त्रज्ञासहि सुचला नसता.

पुढें १८७५ सालीं, वयाच्या सतराव्या वर्षीं, सरकारी नोकरीस लागणाऱ्या मराठी परीक्षेसाठीं हा मुलगा सोबत्यांसह भर पावसांत मुरूडाहून सह्याद्रि ओलांडून साताऱ्यास पायीं गेला. अंतर शंभर मैलांहून अधिक. तेथें पोंचल्यावर, ‘तूं सतरा वर्षांचा दिसत नाहींस’ एवढ्यावरून त्यास परीक्षेस बसूं दिलें नाहीं. ज्या वयांत क्षुल्लक अपमानहि काळजांत रुततो, त्या वयांत हा केवढा आघात! दुसऱ्या वर्षीं तोच मुलगा कोल्हापुरास जाऊन ती परीक्षा उत्तीर्ण झाला. ‘आत्मवृत्तां’त ही हकीकत कर्वे लपवीत नाहींत, आणि तिचें भांडवलहि करीत नाहींत. निराशा झाली हें ते कबूल करतात आणि पुढच्या वर्षाकडे वळतात. हें मन मारणें नव्हे. मारलेल्या मनास पुढलें वर्षच नसतें. लाजाळूपणा त्यांचा जन्मभर पुरता गेला नाहीं. पण तोच मनुष्य १८९३ सालीं विधवेशीं विवाह करून गांवचा बहिष्कार सोसतो, आणि १८९६ सालीं सुरू केलेल्या अनाथ बालिकाश्रमासाठीं दारोदार वर्गणी मागत फिरतो. स्वभाव पालटला नाहीं. स्वभावाशीं वागण्याची रीत त्यांना साधली.

दुसरे साक्षीदार गोपाळ गणेश आगरकर. त्यांचा स्वभाव कर्व्यांच्या अगदीं उलट. उत्कट, तापट, जिभेवर धार असलेला. १८५६ सालीं कऱ्हाडजवळच्या टेंभू गांवीं गरिबींत जन्मलेला हा मुलगा शिक्षणासाठीं ठिकठिकाणीं ठेंचा खात अखेर वऱ्हाडांत, अकोल्यास नातेवाइकांकडे आला. अकोल्याच्या शाळेंत विष्णु मोरेश्वर महाजनी ह्या गुणग्राही शिक्षकांची दृष्टि त्याच्यावर पडली, आणि १८७५ सालीं, म्हणजे कर्वे साताऱ्याहून विन्मुख परतले त्याच वर्षीं, आगरकर मॅट्रिक होऊन डेक्कन कॉलेजाची वाट चालूं लागले. तेथें अंगांत घालावयास एकच सदरा असल्यामुळें तो रात्रीं धुवून सकाळीं घालीत, असें सांगतात. वऱ्हाडानें ह्या मुलास आसरा दिला, तो नसता तर ‘सुधारक’ निघाला असता कीं नाहीं, हा विचार वऱ्हाडकरांनीं अभिमानानें करण्यासारखा आहे.

परंतु आगरकरांच्या चरित्रांतील आमच्या विषयाशीं जवळची गोष्ट म्हणजे त्यांनीं आईस लिहिलेलें पत्र. उच्च शिक्षण पुरें होत आलें असतां, मुलगा आतां मोठ्या पगाराची नोकरी करील हा मनोरथ तिनें सोडावा, आपण पोटापुरत्या पैशावर संतोष मानून लोकसेवेस आयुष्य वाहणार, अशा आशयाचें तें पत्र महाराष्ट्रास ठाऊक आहे. त्यागाचा नमुना म्हणून तें शाळांतून सांगितलें जातें. आमचें लक्ष निराळ्या गोष्टीकडे आहे. असें पत्र आईस लिहितां येतें, हीच मुळांत मोठी गोष्ट. घरच्यांची आशा मोडावयाची तर ती तोंड चुकवून, खोटें बोलून किंवा पळून जाऊन मोडणारे तरुण पुष्कळ. आपल्या मनांतलें सरळ शब्दांत आईपुढें मांडण्याचें धैर्य ज्या मुलास होतें, त्याच्या घरीं मन मोकळें करण्यास जागा होती, असें म्हणावयास हरकत नाहीं. पुढें १८८२ सालीं टिळकांबरोबर डोंगरीच्या तुरुंगांत काढलेल्या १०१ दिवसांची हकीकत त्यांनीं खेळकरपणें लिहिली. विरोधकांनीं त्यांची जिवंतपणीं प्रेतयात्रा काढली, तरी लेखणी थांबली नाहीं. १८९५ सालीं, अवघ्या अडतिसाव्या वर्षीं, दम्यानें त्यांचा अंत झाला. उत्कट स्वभाव हा रोग नव्हे; त्यास वाट मिळाली तर तो शक्ति होतो, ह्याचें हें उदाहरण.

हे दोघे पुरुष. मुलींस त्या काळीं शंभर मैल चालून जाण्याची वाट नव्हती व आईस पत्रानें निश्चय कळविण्याची सोयहि नव्हती. त्यांची साक्ष डॉ. आनंदीबाई जोशी ह्यांच्या लहानशा आयुष्यांत पाहावी. १८६५ सालीं जन्म, नवव्या वर्षीं लग्न, चौदाव्या वर्षाच्या सुमारास मूल होऊन दहा दिवसांत गेलें. पति गोपाळराव हे पत्नीस शिकविण्याच्या ध्यासानें झपाटलेले, पण तितकेच हट्टी व उग्र. एवढें दुःख व एवढा धाक एका बालिकेच्या मनानें कसा सोसला असेल? अपत्य गेल्याचें दुःख तिनें गिळून टाकलें नाहीं. उपचाराअभावीं मुलें व बायका मरतात, तर आपण वैद्यक शिकावें, अशा निश्चयांत तिनें तें दुःख ओतलें. आणि तिला मन मोकळें करण्यास एक जागा मिळाली. ती घरांत नव्हे, तर सात समुद्रांपलीकडे. न्यू जर्सी प्रांतांतील रोझेल गांवच्या कार्पेंटरबाईंशीं तिचा पत्रव्यवहार सुरू झाला, आणि प्रत्यक्ष भेटीपूर्वींच त्या तिच्या मावशी झाल्या. १८८३ सालीं ती एकटी अमेरिकेस गेली, १८८६ सालीं फिलाडेल्फियाच्या वैद्यकीय महाविद्यालयाची पदवी मिळविली, आणि १८८७ च्या फेब्रुवारींत, बाविसावें वर्ष पुरें होण्यापूर्वींच, क्षयानें ती गेली. तिच्या अस्थि कार्पेंटरबाईंकडे पाठविण्यांत आल्या, व पोकिप्सी येथील त्यांच्या कुटुंबाच्या दफनभूमींत ठेविल्या गेल्या. ज्या घरापुढें तिनें मन उघडें केलें, त्याच घराच्या माणसांत ती अखेर विसावली.

चौथी साक्ष लक्ष्मीबाई टिळकांची. त्यांचीं ‘स्मृतिचित्रें’ १९३४ पासून भागशः प्रसिद्ध झालीं. त्यांच्या आजोबांस, म्हणजे आईच्या वडिलांस, सत्तावन सालच्या धामधुमींत फांशी झाली. त्या धक्क्यानें लक्ष्मीबाईंच्या वडिलांच्या मनावर असा कांहीं परिणाम झाला कीं, त्यांना सर्वत्र विटाळच दिसूं लागला. बाजारांतून आलेली वस्तु धुतल्याखेरीज घरांत येईना. सोवळ्याच्या धाकाखालीं सारें घर वावरूं लागलें. फांशी एकास झाली, पण तिचा फास पुढच्या पिढीच्या लेंकरांच्या गळ्याभोंवतीं राहिला. मोठ्या माणसाचें न आवरलेलें भय मुलांस वारशानें कसें मिळतें, ह्याचा इतका स्पष्ट दाखला मराठींत दुसरा क्वचित् असेल. पुढें त्यांचें लग्न झालें तें नारायण वामन टिळकांशीं. वडिलांचा कठोरपणा व मायाळू आईचा लहानपणींच झालेला वियोग सोसून घर सोडलेला हा कवि प्रेमळ खरा, परंतु क्षणांत रुसणारा, क्षणांत निघून जाणारा.

असें बालपण व असा संसार वांट्यास आलेली बाई कडवट व्हावयाची. पण लक्ष्मीबाई कडवट झाल्या नाहींत. सोवळ्याचे ते भयंकर प्रसंग त्या अशा तऱ्हेनें सांगतात कीं, वाचणाऱ्यास हंसूं आवरत नाहीं, आणि हंसतां हंसतां त्या घराची करुणाहि कळते. दुःखाचें अस्तित्व त्या नाकारीत नाहींत. त्याच्याकडे पाहण्याची जागा पालटतात. बोरी अरबच्या कवीनें श्रोत्यांस जें दिलें, तेंच नाशिककडच्या ह्या बाईनें ऐंशी-नव्वद वर्षांपूर्वीं वाचकांस दिलें होतें.

येथें एक सावधगिरी घेतली पाहिजे. आम्हीं बोलाविलेले साक्षीदार हे तगलेले लोक आहेत. ज्यांचीं मनें मारलीं गेलीं, त्यांनीं आत्मचरित्रें लिहिलीं नाहींत. साताऱ्याहून परतलेला प्रत्येक मुलगा कोल्हापुरास गेला नाहीं, आणि दहा दिवसांचें मूल गमावलेली प्रत्येक बालिका डॉक्टर झाली नाहीं. त्यांचा इतिहास मौनांत गेला. म्हणून चार उज्ज्वल उदाहरणांवरून ‘संकटांनींच माणूस घडतो’ असें अनुमान काढणें म्हणजे बुडालेल्यांची मोजदाद न करतां नदीस उतार आहे म्हणण्यासारखें होय. तसेंच, प्रेमळ घर मिळालें म्हणजे जन्माची चिंता मिटली असेंहि नाहीं. ‘श्यामची आई’ हें पुस्तक साने गुरुजींनीं १९३३ सालीं नाशिकच्या तुरुंगांत लिहिलें. आईच्या मायेचें त्याहून उत्कट स्मरण मराठींत नाहीं; आणि तरीहि १९५० च्या जूनमध्यें त्या कोमल पुरुषानें स्वतःच आपली जीवनयात्रा संपविली. बालपणींची माया ही शिदोरी आहे. पण शिदोरी कितीहि मोठी असली तरी वाटेंत पुन्हा पुन्हा कोणीतरी पाणी द्यावें लागतें.

मग आमच्या जुन्या घरांत मन आवरण्याचें शिक्षण होतें कीं नव्हतें? होतें, परंतु तें शिक्षण ह्या नांवानें कोणी ओळखलें नाहीं. दिवेलागणीस मुलें रामदासांचे मनाचे श्लोक म्हणत. दोनशें पांच श्लोकांत कवि मनासच समोर बसवून त्याच्याशीं बोलतो. त्याची समजूत घालतो, त्यास दटावतो, पुन्हा जवळ घेतो. आपलें मन आपल्याहून थोडें दूर ठेवून त्याच्याशीं बोलतां येतें, हा धडा लहान मुलास नकळत मिळे. बायकांस जात्याचा आधार होता. माहेरची ओढ, सासरचा जाच, भावाची माया, लेंकराचें दुखणें हें सारें पहाटेच्या अंधारांत ओवींतून बाहेर पडे, आणि शेजारीं निजलेली मुलगी तें ऐके. हेमा राईरकर व गी प्वातवँ ह्यांनीं महाराष्ट्रांतील खेड्यांतून अशा एक लाखाहून अधिक ओव्या गोळा करविल्या. एवढा मोठा संग्रह पाहिला म्हणजे, बायकांनीं दुःख मुकाट्यानें सोसलें हें आपलें म्हणणें अर्धेंच खरें ठरतें. दिवसां त्या मुक्या होत्या, पहाटे नव्हत्या. वऱ्हाडांत तर तुकडोजी महाराजांनीं खंजिरीच्या तालावर खेडींच्या खेडीं एकत्र बसविलीं. १९३५ सालीं त्यांनीं मोझरीस गुरुकुंज स्थापिलें, आणि त्यांची सामुदायिक प्रार्थना गांवोगांव रुजली. दिवसाचा शीण घेऊन मनुष्य एकटा न बसतां चौघांत बसावा, ही त्यांतील एक मोठी सोय होती.

ह्या जुन्या अनुभवास गेल्या साठसत्तर वर्षांत पाश्चात्य संशोधनानेंहि दुजोरा दिला आहे. १९५६ सालीं न्यूयॉर्क येथें अलेक्झांडर टॉमस व स्टेला चेस ह्या दांपत्यानें १३३ मुलांचा जन्मापासून पुढें कित्येक वर्षें मागोवा घेतला. कांहीं मुलें उपजतच शांत, कांहीं उपजतच त्रासिक, कांहीं नव्या गोष्टीस बुजणारीं असतात, हें त्यांस आढळलें. परंतु मुलाचें पुढें काय होतें हें केवळ उपजत स्वभावावर ठरत नाहीं. तो स्वभाव आणि घराची वागणूक ह्यांचा मेळ बसतो कीं नाहीं, ह्यावर बरेंचसें अवलंबून असतें, असा त्यांचा निष्कर्ष होता. हवाई बेटांपैकीं कौआई येथें एमी वर्नर व त्यांच्या सहकाऱ्यांनीं १९५५ सालीं जन्मलेल्या ६९८ मुलांवर अशीच दीर्घ नजर ठेविली. दारिद्र्य, घरांतील कलह, आईबापांचें आजारपण अशा अनेक संकटांत वाढलेल्या मुलांपैकींहि सुमारें एकतृतीयांश मुलें पुढें समर्थ व समाधानी निघालीं. त्यांच्यांत वारंवार दिसलेली एक गोष्ट म्हणजे, घरांत वा घराबाहेर त्यांना एक तरी खात्रीचें, मायेचें माणूस लाभलें होतें. आजी असेल, शिक्षक असेल, शेजारीण असेल. सोमण गुरुजी, महाजनी व कार्पेंटर मावशी ह्यांचीं नांवें वाचकांस येथें आपोआप आठवतील.

तिसरें संशोधन तर आमच्या दोन वाक्प्रचारांवरच जणूं केलेलें आहे. जेम्स ग्रॉस व ऑलिव्हर जॉन ह्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनीं २००३ सालीं भावना आवरण्याच्या दोन रीतींची तुलना प्रसिद्ध केली. एक, प्रसंगाकडे पाहण्याची दृष्टि पालटून भावनेचा जोर कमी करणें. दुसरी, भावना आंत उसळत असतांना ती चेहऱ्यावर दिसूं न देणें. पहिल्या रीतीची संवय असलेलीं माणसें अधिक समाधानी दिसलीं. दुसरीची संवय असलेलीं माणसें बाहेरून शांत, पण आंतून अधिक खिन्न होतीं, आणि त्यांचे स्नेहसंबंधहि पातळ होते. येथें कोणी म्हणेल कीं, हें पाश्चात्यांचें झालें. आमच्याकडे संयम हेंच भूषण. ही शंका रास्त आहे. २००७ सालच्या एका अभ्यासांत आशियाई संस्कार मानणाऱ्यांस भावना दाबण्याचा अपाय तुलनेनें कमी होतो असें दिसूनहि आलें. वडिलांसमोर क्षणभर राग गिळणें म्हणजे मन मारणें नव्हे. ती मर्यादा होय. पण तो गिळलेला राग नंतर बोलून दाखविण्यास घरांत एकहि कान नसेल, तर मर्यादेचा कोंडवाडा होतो.

आतां पुन्हा वऱ्हाडांत येऊं. १९ मार्च १९८६ रोजीं यवतमाळ जिल्ह्यांतील चिलगव्हाण गांवचे शेतकरी साहेबराव करपे ह्यांनीं पत्नी व चार मुलांसह जीवन संपविलें, आणि शेतकऱ्यांच्या दुःखाकडे साऱ्या देशाचें लक्ष गेलें. त्यानंतर ह्या जिल्ह्यानें तसें दुःख वारंवार पाहिलें. त्याचीं कारणें मुख्यतः कर्ज, भाव, पाऊस व बाजार ह्यांत आहेत. तीं सोडून मनाच्या गोष्टी सांगत बसणें हा निर्दयपणा होईल. उपाशी माणसास धीराचें व्याख्यान देऊं नये. तथापि त्या घरांत एक सोळा-सतरा वर्षांचा मुलगा किंवा मुलगी असते, ह्याचा विचार कोण करतो? बाप बोलत नाहीं, कारण बापानें बोलावयाचें नसतें. माय डोळे पुसून चुलीकडे वळते. मुलगा सारें पाहतो, आणि आपल्या फीचा विषय काढीत नाहीं. तिघांचेंहि मन एकाच ओझ्याखालीं आहे, आणि तिघेंहि एकमेकांपासून तें लपवीत आहेत. प्रत्येकास वाटतें कीं आपण मन आवरलें. वस्तुतः प्रत्येकानें तें मारलेलें असतें. लक्ष्मीबाईंच्या वडिलांचें भय ज्या वाटेनें लेंकरांत उतरलें, तीच ही वाट.

ही गोष्ट सरकारच्याहि ध्यानांत आली आहे. २०१५ सालीं विदर्भ-मराठवाड्यांतील चौदा जिल्ह्यांत शेतकऱ्यांच्या समुपदेशनासाठीं ‘प्रेरणा’ प्रकल्प सुरू झाला. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य पाहणींत तेरा ते सतरा वर्षांच्या मुलांत मानसिक विकारांचें प्रमाण शेंकडा ७.३ आढळलें, म्हणजे साठ मुलांच्या वर्गांत चारपांच मुलें. २०२२ सालापासून ‘टेलिमानस’ ह्या सरकारी सेवेच्या १४४१६ ह्या क्रमांकावर कोणासहि फुकट बोलतां येतें. जेथें दुखणें घरच्या आवांक्याबाहेर गेलें असेल, तेथें ही मदत घेण्यांत कमीपणा कसला? ताप उतरत नसला तर आपण डॉक्टर आणतोंच. परंतु दुखण्यापूर्वींचें जें शिक्षण, तें दूरध्वनीवर देतां येत नाहीं. तें घरांतच द्यावें लागतें.

आणि तें फार अवघडहि नाहीं. वर सांगितलेल्या साऱ्या हकीकतींचा अर्थ एवढाच कीं, मुलाचा स्वभाव पालटण्याच्या खटपटींत पडूं नये. लाजाळूस वाचावयास वर्तमानपत्र द्यावें, तापटास लिहावयास कागद द्यावा. त्याचा राग व त्याचें रडें ऐकून घ्यावें, आणि मग त्यास वळण लावावें, ऐकण्यापूर्वीं नव्हे. आपल्यावर आलेली अडचण मुलांस झेपेल अशा शब्दांत सांगावी, म्हणजे तीं ती मनांतल्या मनांत दुप्पट करून घेत नाहींत. मनाचे श्लोक मागें पडले, जातीं मोडलीं. त्यांच्या जागीं दिवेलागणीचा अर्धा तास तरी घरांत बोलण्यासाठीं राखला पाहिजे.

यवतमाळकडच्या गांवीं शंकर बड्यांचा कार्यक्रम होई, तेव्हां बाप आणि मुलगा एकाच सतरंजीवर बसून एकाच दुःखावर हंसत. घरीं ज्या दुष्काळाविषयीं दोघे एक अक्षर बोलत नसत, तो तेथें दोघांच्या समोर उघडा होई. हंसून झाल्यावर घराकडे जातांना त्यांतील कांहीं जण वाटेनें आपसांत बोललेहि असतील. तेवढें बोलणें रोज घरीं झालें, तर आणखी फारसें कांहीं शिकवावयाचें उरत नाहीं.